क्लबसाठी मुख्य प्रशिक्षक निवडताना

मुख्य प्रशिक्षक गेला की क्लबच्या ऑफिसात पहिला प्रश्न उठतो, "आता कोण?" आम्ही फुटबॉल विभागात काम करणारी मंडळी हा प्रश्न होईल तितका लांबणीवर टाकतो. एकदा नाव टेबलावर आलं की पुढची सगळी चर्चा त्या नावाच्या बाजूने किंवा विरोधात होते, आणि संघाला नेमकं काय हवंय हे बोलायचं राहूनच जातं. म्हणून नावांच्या आधी दोन पानं लिहायची. एक आपल्या संघाचं, दुसरं आपल्या कॅलेंडरचं. ही दोन पानं नीट झाली की निवडीचं निम्मं काम उरकतं.

संघाच्या पानावर पुढच्या मोसमातही करारात असलेला प्रत्येक खेळाडू येतो: वय, करार कधी संपतो, गेल्या मोसमात किती मिनिटं खेळला, कोणत्या जागेवर खेळला आणि खरं तर कोणत्या जागेवर खेळू शकतो. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात, म्हणजे किमान सात भारतीय. बहुतेक क्लब परदेशी खेळाडू सेंटर-बॅक (बचावाच्या मधले), मधल्या फळीचा सूत्रधार आणि आघाडी यांवर खर्च करतात. मग गोलरक्षक आणि दोन्ही बाजूंचे बॅक जवळजवळ नेहमी भारतीयच असतात. त्यामुळे ज्या प्रशिक्षकाची पद्धत बॅकना विंगरसारखं, म्हणजे कडेने आक्रमण करणाऱ्यासारखं, वर पाठवण्यावर उभी आहे, त्याच्यासाठी तसे दोन भारतीय बॅक आपल्याकडे आहेत का, हे त्याला फोन करण्याआधी आपल्याला माहीत हवं. नसतील, तर तो घडवू शकतो का? मंदार राव देसाई हा गोव्याचा डावा विंगर. प्रशिक्षक सर्जियो लोबेरा यांनी त्याला एफसी गोवामध्ये लेफ्ट-बॅक केलं आणि पुढे त्याची ओळखच ती झाली. असं जागा बदलून खेळाडू उभा करणं हे कौशल्य आहे, आणि ते सगळ्यांकडे नसतं.

कॅलेंडरच्या पानावर तारखा. ड्युरंड कप साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, मग लीग, जोडीला सुपर कप, पात्र ठरलात तर आशियाई स्पर्धा. युरोपातले करार बहुतेक ३० जूनला संपतात, म्हणून चांगले मोकळे प्रशिक्षक मे आणि जूनमध्ये मिळतात. ऑगस्टमध्ये शोध सुरू केला तर इतरांनी नाकारलेले किंवा नुकतेच काढलेले उरतात. प्री-सीझनला सहा आठवडे तरी लागतात, आणि नवी पद्धत बसवायची असेल तर आठ. हे दिवस मागे मोजत गेलं की सही कधीपर्यंत व्हायला हवी ते आपोआप निघतं. मोसमाच्या मध्यात बदल करायचा तर हिशेब वेगळा: तिथे नवी पद्धत आणणारा माणूस नको, आहे तेच नीट लावणारा हवा.

या सगळ्याचा मतलब एफसी गोवाकडे पाहिलं की कळतो. २०१७ मध्ये लोबेरा आले, २०२० मध्ये हुआन फेरांडो, २०२२ मध्ये कार्लोस पेन्या, २०२३ मध्ये मानोलो मार्केस. माणसं वेगळी, स्वभाव वेगळे, पण चेंडू पायाशी ठेवून मागून खेळ उभा करायची धारणा एकच. त्यामुळे प्रशिक्षक बदलला तरी सगळा संघ मोडून नवा भरावा लागला नाही. मुंबई सिटीने हेच दुसऱ्या वाटेने केलं. अनेक देशांत क्लब असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपकडे सूत्रं असताना डेस बकिंगहॅम आणि त्यांच्यानंतर पेत्र क्रात्की हे दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्न सिटीतले सहायक. दोघांनाही समूहाची पद्धत मुखोद्गत. याउलट एफसी पुणे सिटीत २०१४ ते २०१८ या पाच मोसमांत प्रत्येक मोसम नव्या मुख्य प्रशिक्षकाने सुरू केला: फ्रांको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल आन्हेल पोर्तुगाल. पोपोविच यांनी संघ उपांत्य फेरीत नेला आणि तरीही पुढच्या मोसमात पाटी कोरी झाली. पुण्यात फुटबॉल बघणाऱ्या पोरांची कमी नव्हती, म्हणून याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

दोन पानं झाली की नावं. जागा रिकामी झाल्याची बातमी फुटायचा अवकाश, एजंटांचे मेल सुरू होतात. एकाच प्रशिक्षकाची माहिती तीन वेगवेगळ्या एजंटांकडून येते, आणि कधी त्या प्रशिक्षकाला यातलं काहीच माहीत नसतं. त्यामुळे पहिली अट अशी ठेवायची: एजंटाकडे प्रशिक्षकाच्या सहीचं, तारीख असलेलं अधिकारपत्र हवं. ते नसेल तर पुढे बोलायचं नाही. २०२५ मध्ये भारतीय राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी १७० अर्ज आले, त्यात पेप ग्वार्दिओला आणि चावी यांच्या नावाचेही मेल होते. ते खरे नव्हते हे महासंघाला नंतर जाहीर करावं लागलं. मोठं नाव मेलमध्ये दिसलं की आनंदाच्या भरात ते बाहेर सांगायचा मोह होतो. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसेपर्यंत आणि जुन्या क्लबकडून खातरजमा होईपर्यंत ते नाव यादीत घ्यायचंच नाही.

जो दुसऱ्या क्लबच्या करारात आहे त्याच्याशी त्या क्लबच्या लेखी परवानगीशिवाय बोलणी करायची नाहीत. एजंट म्हणतो, "सर, जस्ट कॉफी." त्या कॉफीचा पुढे वाद होतो.

मग लायसन्स. आयएसएलच्या मुख्य प्रशिक्षकाला आशियाई महासंघाचं एएफसी प्रो किंवा त्याच्या तोडीचं, म्हणजे युरोपच्या महासंघाचं यूएफा प्रो वगैरे लागतं. कागदावर 'प्रो' लिहिलेलं पाहून थांबू नका. ते अजून चालू आहे का, ते पाहा. यूएफाचं लायसन्स तीन वर्षांचं असतं, आणि त्या तीन वर्षांत १५ तासांचं पुढचं प्रशिक्षण पूर्ण केलं तरच नूतनीकरण होतं. आशियात दोन-तीन वर्षं काम करत राहिलेल्यांचं हे हमखास राहून जातं. प्रत मागवायची आणि ज्या देशाच्या फुटबॉल संघटनेने ते दिलं, तिच्याकडून मेलवर दुजोरा घ्यायचा. याला आठवडा जाऊ शकतो, म्हणून हे शेवटच्या तिघांवर ठेवायचं नाही. पहिल्या चाळणीतच करायचं.

चाळणीनंतर आठ-दहा नावं उरावीत. इथून खरा वेळ जातो तो व्हिडिओत, आणि तो जायलाच हवा. प्रशिक्षक स्वतः पाठवतो ती क्लिप बघायचीच नाही. त्यात सगळे गोल सुंदर असतात. वायस्काउट या सामन्यांच्या व्हिडिओ-संग्रहावरून पूर्ण सामने घ्यायचे, आणि तेही आपण निवडलेले: नव्या क्लबातले पहिले दोन, तिथले शेवटचे दोन, एक असा ज्यात लवकर गोल खाल्लाय आणि एक असा ज्यात दहा जणांनी खेळावं लागलंय. पहिल्या दोन सामन्यांत त्याला नव्या माणसांपर्यंत काय पोचवता आलं ते दिसतं. शेवटच्या दोनमध्ये खेळाडू अजून त्याचं ऐकत होते का, ते.

प्रत्येक सामन्यात काही ठरावीक जागी थांबायचं. पहिली जागा गोल-किक, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलरक्षकाकडून खेळाची पुन्हा सुरुवात. २०१९ मध्ये नियम बदलल्यापासून गोल-किकचा पास पेनल्टी एरियाच्या आतही घेता येतो, त्यामुळे प्रशिक्षकाचं डोकं सगळ्यात स्वच्छ तिथे वाचता येतं. सेंटर-बॅक गोलरक्षकाच्या दोन्ही बाजूंना किती रुंद उभे राहतात, बचावासमोर खेळणारा होल्डिंग मिडफिल्डर समोरच्या स्ट्रायकरच्या पाठीमागे सरकतो की त्याच्या बाजूला, आणि समोरून प्रेस आला, म्हणजे समोरचे चेंडू हिसकायला धावून आले, की गोलरक्षकाकडे तिसरा पर्याय असतो का. तोच प्रकार सहापैकी पाच सामन्यांत दिसला तर ते शिकवलेलं आहे. दर वेळी वेगळं दिसलं तर खेळाडू आपल्या मनाने करताहेत.

दुसरी जागा, चेंडू गेल्यानंतरचे पहिले पाच सेकंद. फ्रेम थांबवून मोजायचं: किती जण चेंडूकडे पळाले, किती मागे वळले, किती नुसते उभे राहिले. हे ७० व्या मिनिटानंतरही मोजायचं, कारण आपल्याकडे दमट हवेत तेव्हाच संघ तुटतो. पीपीडीए हा आकडा, म्हणजे आपण अडवायला जाईपर्यंत समोरच्याला किती पास करू दिले, तो बघावा. पण एकटा तो फसवतो. दोन गोलांनी पुढे असलेला संघ मुद्दाम मागे बसला तरी आकडा वाढतो. स्कोअर बरोबरीत असतानाच्या मिनिटांचा आकडा वेगळा काढला की चित्र खरं येतं.

तिसरी जागा बदली खेळाडू. पाच बदल करता येतात, पण मध्यंतर सोडून खेळ फक्त तीनदा थांबवता येतो. पिछाडीवर असताना त्याने पहिला बदल कधी केला आणि तो जागेला जागा होता की रचनाच बदलली? ८५ व्या मिनिटाला तीन आघाडीवीर एकदम आत सोडणाऱ्याकडे सामना वाचायची सवय नसते, असा आमचा अनुभव. चौथी जागा सेट पीस, म्हणजे कॉर्नर, फ्री-किकसारखे थांबलेल्या चेंडूचे प्रसंग: कॉर्नरवर खाल्लेले गोल लागोपाठ लावून बघायचे. एकाच जागेतून तीन गोल गेले असतील तर मुलाखतीतला एक प्रश्न तयार झाला.

एक धोका मात्र व्हिडिओत दिसत नाही. यशाची मुळं प्रशिक्षकात होती की त्याच्या तीन-चार खेळाडूंत? २०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटीत आले तेव्हा गोव्यातून अहमद जाहू, ह्यूगो बुमूस, मुर्तदा फॉल आणि मंदारही मुंबईत आले, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने लीग शील्ड (साखळीतला पहिला क्रमांक) आणि करंडक (अंतिम सामना) दोन्ही घेतले. ही उत्तम योजना होती, पण तिच्यासाठी पैसा लागतो. आपल्याला तेवढे खेळाडू आणणं जमणार नसेल, तर उमेदवाराने आपल्या नेहमीच्या माणसांशिवाय कुठे काय केलं, ते वर्ष शोधून काढायचं.

आता संदर्भ. उमेदवाराने दिलेल्या नावांना फोन करावाच, पण खरी माहिती त्याने न दिलेल्यांकडून मिळते: फिजिओ, किटमन, तिसरा गोलरक्षक, अकादमीचा प्रमुख, दुभाषा. कमी खेळायला मिळालेल्या खेळाडूला विचारायचं, "तुला का बसवलं हे त्याने तोंडावर सांगितलं का?" फिजिओला विचारायचं की जखमी खेळाडूला लवकर उतरवायचा दबाव यायचा का. प्रश्न साधेच असतात, पण उत्तर देण्याआधी माणूस किती वेळ थांबतो यातूनही कळतं. प्रत्येक उमेदवाराबद्दल किमान चार जणांशी बोलल्याशिवाय मुलाखत ठेवायची नाही, आणि बोलणी गुप्त ठेवायची. त्यांचंही पोट याच धंद्यावर आहे.

मुलाखत दोन फेऱ्यांत. पहिली व्हिडिओ कॉलवर, तासाभराची, ओळखीपुरती. दुसऱ्या फेरीच्या चार दिवस आधी उमेदवाराला आपले दोन पूर्ण सामने आणि करारात असलेल्या खेळाडूंची यादी पाठवायची आणि दोन कामं सांगायची. एक, या संघात काय मोडलंय ते दाखवा. दोन, शनिवारी घरी आणि बुधवारी बाहेरगावी सामना आहे, मधल्या दिवसांचा सराव लिहून द्या.

हे दुसरं काम फार बोलकं असतं. पाठ्यपुस्तकातला आठवडा सगळ्यांना येतो: सामन्यानंतर विश्रांती, मग ताकदीचा दिवस, मोठ्या मैदानाचा लांब पल्ल्याचा दिवस, वेगाचा दिवस, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी हलका सराव. पण शनिवार-बुधवारमध्ये हे बसतच नाही. गुवाहाटीला जायचं तर गोव्याहून बहुधा एका विमानात काम भागत नाही, म्हणजे सोमवार किंवा मंगळवार प्रवासात गेला. सामना रात्री साडेसातचा, घरी परतून झोपायला दोन वाजतात, तर रविवारी सकाळी सरावाला बोलवण्यात अर्थ नाही. चांगला प्रशिक्षक लगेच काय काय सोडून द्यायचं ते सांगतो: जे ६० मिनिटांपेक्षा जास्त खेळले त्यांना फक्त रिकव्हरी, बाकीच्यांना छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार, डावपेचांचं काम हॉटेलच्या हॉलमध्ये चालत आणि व्हिडिओवर. आणि तो उलट प्रश्न विचारतो: सरावाचं मैदान पावसाळ्यात किती दिवस मिळतं? लाइट्स आहेत का? धाव मोजणारे जीपीएसचे व्हेस्ट किती? हे न विचारणारा माणूस इथे आल्यावर पहिल्या महिन्यात वैतागतो. जुलैत गोव्यात किंवा मुंबईत मैदान तळं झालं की ऐन वेळी सराव हलवावा लागतो, हे त्याला आधीच सांगून टाकावं. लपवून काहीच मिळत नाही.

भाषेची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. आपल्या सामन्याचा व्हिडिओ ४५ व्या मिनिटाला थांबवायचा आणि म्हणायचं, "हा मध्यंतर समजा, बोला." मध्यंतर १५ मिनिटांचा असला तरी पाणी, बूट, फिजिओ यातून बोलायला सहा-सात मिनिटंच उरतात. दुभाषा मध्ये असला तर त्याची निम्मी होतात. ड्रेसिंग रूममध्ये मिझो, मणिपुरी, बंगाली, मल्याळी, पंजाबी, गोंयकार पोरं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि साधी हिंदी आणि साधं इंग्रजी एवढाच सगळ्यांचा दुवा. तीन गोष्टी, छोट्या वाक्यांत, बोर्डावर दोन बाण: एवढं ज्याला जमतं त्याचं इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. दहा मुद्दे सफाईदार इंग्रजीत सांगणाऱ्याचं आत काहीच पोचत नाही.

सहायकांचा मुद्दा इथेच काढायचा, करारापर्यंत थांबायचं नाही. परदेशी प्रशिक्षक सहायक, फिटनेस कोच, कधी गोलरक्षकांचा कोच आणि अ‍ॅनॅलिस्टही बरोबर मागतो. प्रत्येकाचा पगार, फ्लॅट, गाडी, विमानाची तिकिटं धरली तर खर्च प्रशिक्षकाच्या पगाराच्या जवळपास जातो. पैशापेक्षा मोठी अडचण अशी की तो गेला की सगळे एका दिवसात जातात आणि क्लबकडे खेळाडूंचा साधा शारीरिक डेटाही राहत नाही. म्हणून फिजिओ, अ‍ॅनॅलिस्ट आणि एक भारतीय सहायक क्लबचाच असावा, आणि त्या सहायकाला शोभेपुरता ठेवू नये. २०२० च्या सुरुवातीला लोबेरा गेल्यावर एफसी गोवाने उरलेल्या सामन्यांसाठी क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे संघ दिला. संघाने जमशेदपूरला ५-० हरवून शील्ड जिंकलं आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढे २०२३ मध्ये मिरांडा यांनी ओडिशालाही सुपर कप जिंकून दिला.

भारतीय उमेदवारांचं नाव यादीच्या तळाला सौजन्य म्हणून घालायची जुनी खोड अजून गेलेली नाही, आणि ती आम्हाला मनापासून खटकते. खालिद जमील यांनी २०१६-१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली, २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये ते आयएसएलचे पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले, जमशेदपूरला उपांत्य फेरीत नेलं आणि १ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. त्यांचे संघ मागे घट्ट बसून थेट पुढे खेळतात. चेंडू पायाशी ठेवणाऱ्या संघाला हा बदल जड जाईल, पण ज्यांच्याकडे उंच सेंटर-बॅक आणि वेगवान विंगर आहेत त्यांच्यासाठी याहून जवळचं उत्तर नाही. त्या पहिल्या पानावरून हेच तर ठरवायचं असतं.

निर्णयाच्या बैठकीत प्रत्येकाने आपले गुण बोलण्याआधी कागदावर लिहून द्यायचे. मालकांनी "मला हा आवडला" म्हटल्यावर सगळ्यांचे आकडे तिकडे सरकतात. म्हणून मालकांचाही कागद इतरांसारखाच, आणि त्यांनी शेवटी बोलायचं. प्रसिद्ध माजी खेळाडूचा आग्रह इथेच होतो. २०१४ मध्ये लीग १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर एवढीच होती, तेव्हा मोठं नाव, भरलेलं स्टेडियम आणि दहा आठवड्यांचा जोश यावर भागायचं. आता मोसम कित्येक महिन्यांचा, मध्ये दुखापती, राष्ट्रीय संघाची सुट्टी, ट्रान्स्फर विंडो (खेळाडू घेण्या-देण्याची मुदत). काम बदललंय, तर माणूसही त्या कामाचा हवा.

करारात घाई केली की सगळं वाया जातं. १ जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमांत प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यानुसार कराराची वैधता व्हिसा, वर्क परमिट किंवा लायसन्स मिळण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. म्हणजे सही झाली आणि मग लायसन्स संपलेलं निघालं, तरी पैसे द्यावेच लागतात. दोन महिन्यांचे पगार थकले, प्रशिक्षकाने लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत दिली आणि तरीही भरले नाहीत, तर तो करार मोडून फिफाकडे जाऊ शकतो. आदेशानंतरही पैसे भरले नाहीत तर नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी येते. मधेच विनाकारण काढलं आणि करारात भरपाईची रक्कम लिहिलेली नसेल, तर उरलेल्या मुदतीचा पगार द्यावा लागतो. त्याला दुसरी नोकरी मिळाली तर तिथला पगार त्यातून वजा होतो. म्हणून एक मोसम आणि पुढच्या मोसमाचा पर्याय, आणि आधीच ठरवलेली भरपाई, हे दोघांनाही बरं पडतं.

पगार 'नेट' लिहून देऊ नका. हातात ७० रुपये द्यायचे कबूल केलं तर कर धरून क्लबला १०० च्या आसपास पडतात, वर अधिभार वेगळा. रिलीज क्लॉज, म्हणजे ठरलेली रक्कम भरून करारातून सुटायचं कलम, असेल तर तो कोणत्या तारखांत चालेल ते लिहा. डिसेंबर २०२१ मध्ये मोसम अर्ध्यावर असताना एटीके मोहन बागानने रिलीज क्लॉज वापरून फेरांडो यांना गोव्यातून नेलं. फक्त मोसम संपल्यानंतरचे ३० दिवस, एवढी मर्यादा घातली की हे टळतं. आणि लीगच थांबली तर काय, हे कलम आता हवंच. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा मोसम अचानक अनिश्चित झाला तेव्हा किती करारांत याचा उल्लेख नाही ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

सहीनंतर एम्प्लॉयमेंट व्हिसाला पोलीस पडताळणी, पदवीच्या आणि लायसन्सच्या प्रती वगैरे लागतात. १८० दिवसांपेक्षा मोठ्या मुदतीचा व्हिसा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) नोंदणी. कुटुंब येणार असेल तर मुलांच्या शाळेचं आधी बघा, कारण जूनमध्ये शाळा सुरू होऊन गेलेली असते आणि घरचे अस्वस्थ असले की प्रशिक्षकाचं मन मैदानात राहत नाही.

याच आठवड्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना फोन करून स्वतः नकार कळवायचा, त्यांनी केलेल्या कामाबद्दल नीट बोलायचं आणि त्यांची फाइल बंद न करता दर दोन महिन्यांनी ते कुठे आहेत ते नोंदवत राहायचं. डिसेंबरात फोन करायची वेळ आली तर तो उचलला गेला पाहिजे.